राहिलेली पानं

चिखलणी सुरू झाली आहे. ट्रॅक्टर लोखंडी जाळीची चाकं लावून बांध्यांकडे, धानाच्या खाचरांकडे, जातात आणि जाताजाता रस्त्याचं डांबर उकरून ठेवतात. दरवर्षी ग्रामसभेत यावरून तंटा होतो, दरवर्षी ठराव होतो, आणि दरवर्षी चाकं त्याच रस्त्यानं जातात. धानाची रोपं, म्हणजे परे, वीतभर झाले आहेत, आठवड्याभरात लावणीचा रोवणा लागेल. मी शाळेत गेल्यावर शेजारची शेवंताबाई बाबांपाशी बसते. तिनं आधीच सांगून टाकलं, "बाई, आता मी नाई सापडनार दिवसभर. भाऊपाशी कोन बसन ते पाहून ठेवा." बाबांना अख्खं गाव 'भाऊ' म्हणतं. मी बरं म्हटलं. पाहून ठेवण्यासारखं कोणी नाही, हे तिलाही माहीत आहे.

रोवण्याचे दिवस आले म्हणजे आषाढी पौर्णिमाही आलीच. आमच्या विहारात त्या दिवसापासून वर्षावासाचं, म्हणजे पावसाळ्यातल्या तीन महिन्यांचं, धम्मग्रंथाचं वाचन सुरू होतं, ते थेट आश्विनी पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी. दिवसभर वाकून रोवणा केलेल्या बाया नखांतला चिखल तसाच घेऊन, वरून धुतलेलं पांढरं पातळ नेसून सतरंजीवर येऊन बसतात. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. वाचन संपलं की सगळे हात जोडून तीनदा 'साधु' म्हणतात आणि घरोघरी जेवायला जातात. आमच्या गावाची आणखी एक रीत आहे, ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. ज्यानं पहिल्या पौर्णिमेला ग्रंथ उघडला, त्यानंच तो शेवटच्या पौर्णिमेला मिटायचा. मध्ये वाचणारा बदलत नाही. शेवटच्या दिवशी खीर होते आणि खिरीचा पहिला द्रोण वाचणाऱ्याचा. मला कळायला लागल्यापासून तो द्रोण आमच्याच घरी आला. वाचणारे माझे बाबा होते.

बाबा सातवीपर्यंत शिकले. पुढे आयुष्यभर धान पिकवलं आणि मिळेल ते वाचलं. त्यांची वाचायची तऱ्हा मात्र निराळी होती. ते ग्रंथातलं एक वाक्य वाचत, थांबत, मान वर करून सगळ्यांकडे पाहत आणि मग तेच वाक्य आमच्या बोलीत सांगत. "मंजे पाहा, बाई हो," अशी त्याची सुरुवात. ग्रंथात तृष्णा आली की म्हणत, "मंजे पाहा, बाई हो, आपली बांधी भरली रायते, तरी शेजाऱ्याच्या बांधीत पानी जास्त दिसते ना? ते." कोणीतरी "हो जी" म्हटल्याशिवाय पुढचं वाक्य नाही. थकलेल्या बाया पेंगायच्या, मग 'हो जी' लवकर यायचं नाही, मग बाबा तसेच बोट ओळीवर ठेवून वाट पाहत बसायचे. मला लहानपणी त्या थांबण्याचा फार कंटाळा यायचा. घरी भात निवत असायचा आणि हे आपले थांबलेले.

म्हणूनच गेल्या वर्षी कोणाला काही कळलं नाही. भाद्रपदातली संध्याकाळ होती. बाबा वाचता वाचता थांबले, बोट ओळीवर ठेवलं, मान वर केली. सगळे 'मंजे पाहा'ची वाट पाहत बसलो. शेवंताबाईनं सवयीनं आधीच "हो जी" म्हणून टाकलं, त्यावर एकदोघी हसल्या. बाबांनी ग्रंथाकडे पाहिलं, परत आमच्याकडे पाहिलं, आणि सगळ्यांत जवळ बसलेल्या शेवंताबाईपुढे ग्रंथ सरकवून म्हणाले, "पाह्य बरं वं, इथी काय लिवलं हाय?" शेवंताबाईला अक्षरओळख नाही. सगळं विहार खो खो हसलं. बाबांनी गंमत केली असंच सगळ्यांना वाटलं, मलाही वाटलं. हसू ओसरलं तरी बाबा उत्तराची वाट पाहत होते.

ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो उजेडासमोर धरून दाखवला. मेंदूत बारीक बारीक झटके येऊन गेले होते, काही जुने, काही नवे. "जे गेलंय ते परत येणार नाही," ते म्हणाले, आणि पुढे, "पण त्यांच्याशी बोलत राहा, काही वाचून दाखवा." यातलं दुसरं वाक्य मी घट्ट धरलं. मी कुरखेड्याच्या शाळेत मराठी शिकवते. वाचून दाखवा म्हटल्यावर मला आणखी काय हवं होतं? पहिलं वाक्य मी ऐकलंच नाही, असं म्हटलं तरी चालेल.

विहाराच्या समितीचे देवाजीभाऊ ग्रंथ पांढऱ्या कापडात बांधून आमच्या घरी घेऊन आले. थोडीच पानं राहिली होती. "रीत हाय, दुसऱ्यानं वाचू नये," ते म्हणाले. "भाऊले बरं वाटू द्या. मंग भाऊच पुरं करतीन. खीर मंगच करू." गेल्या वर्षी गावात खीर झाली नाही. मी ग्रंथ फळीवर ठेवला आणि मनाशी ठरवलं की पुढच्या आषाढीच्या आत ही राहिलेली पानं बाबांच्याच तोंडून व्हायची. मला वर्ष मिळालं होतं. वर्ष पुष्कळ असतं, असं मला तेव्हा वाटलं.

पहिल्यांदा मी शाळेतून पहिलीचं पुस्तक आणलं, मोठ्या अक्षरांचं. बाबांनी दोन चित्रं पाहिली आणि पुस्तक माझ्या मांडीवर परत ठेवलं. "मी पहिलीत हावो का?" चूक माझीच होती, म्हातारा माणूस म्हणजे लहान मूल हे ज्यानं कोणी ठरवलं त्याला म्हातारी माणसं सांभाळायला दिली पाहिजेत. मग मी दुसरा मार्ग धरला. मीच वाचायचं, त्यांनी ऐकायचं. ऐकता ऐकता शब्द जागे होतील, आणि शब्द जागे झाले की अक्षरंही होतील, असं माझं गणित होतं.

आणि मी वाचत सुटले. खरं सांगायचं तर नोकरी लागल्यापासून अभ्यासक्रमाच्या बाहेरचं मी फारसं वाचलं नव्हतं. लोकांना वाटतं भाषेची मास्तरीण म्हणजे घरात पुस्तकंच पुस्तकं. माझ्या घरात उत्तरपत्रिका होत्या. आता मी तालुक्याच्या वाचनालयातून आणू लागले, वडशाच्या रद्दीवाल्याकडून किलोनं आणू लागले, आणि किलोनं आणताना निवड करता येत नाही. मधमाश्या पाळण्याचं पुस्तक आलं, एका निवृत्त खलाशाच्या आठवणी आल्या, किनाऱ्याकडच्या स्वयंपाकाचं एक पुस्तक आलं ज्यात पाण्याऐवजी नारळच घालतात की काय असं वाटावं. एक रहस्यकथा आली, तिची शेवटची पानं कोणीतरी फाडून नेली होती. खून कोणी केला ते मला आजही माहीत नाही. ताऱ्यांवरचं एक होतं. कवितासंग्रह तर पुष्कळ होते, रद्दीत कविता फार येतात. बर्फाच्या देशातली एक जाडजूड कादंबरी मी हिवाळाभर पुरवली. तिच्यातली माणसं घोड्यांच्या गाड्यांतून एकमेकांकडे जाऊन रडत. बाबांना घोडे आवडले.

नुसतं वाचून भागेना, तेव्हा मी बाबांचीच तऱ्हा उचलली. एक वाक्य पुस्तकातलं, मग थांबायचं, मग आपल्या बोलीत. समुद्र सांगायची पाळी आली तेव्हा माझी दमछाक झाली. बाबांनी समुद्र पाहिलेला नाही, मीही एकदाच, शाळेच्या सहलीत. शेवटी गावच्या तळ्यावर, बोडीवर, आले. "मंजे पाहा, बाबा, आपली बोडी हाय ना? तिची पलीकडची थडी काढून टाका. पानीच पानी." बाबांनी बराच विचार केला. "मंग धान कुठी लावते ते लोक?" मी इतकी हसले की शेवंताबाई कुडावरून डोकावली. त्या दिवशी मला वाटलं, आहे, अजून आहे. ज्याला धानाची काळजी वाटते तो माणूस पुरता गेलेला नाही.

आणि मग 'साधु' सुरू झालं. मधमाश्यांच्या पुस्तकात थंडीत सगळ्या माश्या राणीभोवती गोळा होऊन एकमेकींना ऊब देतात असं एक पान होतं. ते संपवून मी थांबले, तर बाबांनी हात जोडले आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "साधु, साधु, साधु." मी धावत जाऊन शेवंताबाईला सांगितलं, देवाजीभाऊंना फोन केला. पुढे रोजच असं होऊ लागलं. चांगलं पान आलं की साधु. रहस्यकथेत विहिरीत प्रेत सापडलं तेव्हाही त्यांनी साधु म्हटलं, तेव्हा मी जरा दचकले, पण म्हटलं भाषा चांगली होती, असेल. मी त्यांच्या साधुवरून पुस्तकं पारखायला लागले. ज्या पुस्तकाला साधु नाही ते परत रद्दीत. माझं आयुष्यातलं सगळ्यांत सुखाचं वाचन त्या चारसहा महिन्यांत झालं, हे मला मान्य केलं पाहिजे.

शाळेत वाचनावर कार्यक्रम होता. मुख्याध्यापक म्हणाले, मॅडम यंदा फार वाचतात, त्याच मुलांना दोन शब्द सांगतील. मी उभी राहिले आणि वाचनानं माणूस समृद्ध होतो, वाचनानं काहीही परत मिळवता येतं, असं बरंच बोलले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेतली मुलं हत्तींच्या गप्पा मारत होती, त्यांच्या गावात रानहत्तींनी आदल्या दिवशी कापून रचलेल्या धानाचे ढीग, पुंजणे, उधळले होते. त्यांचं बरोबर होतं.

मोहफुलाच्या दिवसांत एका दुपारी मी ताऱ्यांचं पुस्तक वाचत होते. अख्खं गाव रानात फुलं वेचायला गेलेलं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. तारा विझून गेला तरी त्याचा उजेड आपल्यापर्यंत येत राहतो, असं काहीसं वाक्य होतं. 'तारा विझून' एवढं म्हटलं आणि मला ठसका लागला. बाबांनी लगेच हात जोडले. "साधु, साधु, साधु." आणि उठून चपला शोधू लागले.

मी पाणी प्यायले. त्यांना बसवलं. परत सुरू केलं आणि वाक्याच्या मध्येच मुद्दाम थांबले. साधु. पुन्हा सुरू केलं, एका शब्दावर थांबले. साधु. मग पुस्तक बाजूला ठेवून मी भिंतीवरच्या कॅलेंडरमधलं गॅस सिलिंडरचं छापील निवेदन वाचलं आणि थांबले. बाबांनी हात जोडले, डोळे मिटले, आणि तितक्याच भक्तीनं म्हणाले. आवाज थांबला की साधु म्हणायचं आणि घरी जायचं. तेवढंच त्यांच्यात राहिलं होतं. मधमाश्या नव्हत्या, घोडे नव्हते. मी त्या दुपारी बाबांसमोर मोठ्यानं रडले. रडणं थांबलं तेव्हाही त्यांनी साधु म्हटलं.

तेव्हापासून मी वाचते, पण कशासाठी ते विचारू नका. आजारी माणसाला भरवताना आपलं लक्ष त्याच्या तोंडाकडे असतं, अन्नाची चव आपल्याला लागत नाही. वर्षभर माझं तसंच झालं. इतकी पुस्तकं माझ्या तोंडून गेली आणि त्यांतलं एकही मी माझ्यासाठी वाचलं नाही. त्यांत काही फार चांगली असणार. विशीत भेटली असती तर मी त्यांच्यावर जीव टाकला असता. आता कोणी विचारलं की या वर्षी काय वाचलंत, तर मला बाबांचा चेहरा आठवतो, पुस्तक आठवत नाही. खलाशाच्या बोटीचं नावसुद्धा मी विसरले. विसरण्यात आता मीही मागे नाही.

तरी ज्येष्ठात मी फळीवरचा ग्रंथ काढला. मन ऐकेना. बाबांना अंघोळ घातली, पांढरी बंडी घातली, समोर पाट मांडला. कापड सोडताना ते ताठ बसले, ग्रंथाला नमस्कार केला, आणि जिथे वाचन अडलं होतं ते पान मी उघडलं. त्यांनी उजव्या हाताचं बोट नेमकं ओळीवर ठेवलं. बोटाला सगळं आठवत होतं. बाबा त्या पानाकडे पाहत राहिले, पाहत राहिले, आणि मग माझ्याकडे वळून जरा चिडूनच म्हणाले, "उघड ना वं. हे बंद हाय."

"उघडंच हाय, बाबा."

"नाई. बंद हाय. उघड."

मी पान उलटलं. दुसरं उलटलं. पुढची, मागची, सगळी उलटून दाखवली. प्रत्येक पानाला ते मान हलवत राहिले. शेवटी त्यांनीच ग्रंथ मिटला आणि बाजूला सारला. मी तो कापडात बांधला. गाठ मारून परत फळीवर ठेवला. डॉक्टरांचं पहिलं वाक्य मला त्या दिवशी ऐकू आलं.

परवा देवाजीभाऊ आले. चहा घेतला, बाबांना "कसं हाय भाऊ?" विचारलं, बाबांनी "मजेत" म्हटलं. मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "लोक इचारून राह्यले, बाई. यंदा कसं करावं? एका साली खंड पडला, आता पडू नये."

"राहिलेली पानं?" मी विचारलं.

देवाजीभाऊंनी कप खाली ठेवला. "राह्यलं ते राह्यलं. पहिल्या पानापासून सुरू करू. आन् तुमीच वाचा. भाऊच्या घरचंच कोनी वाचलं तं लोकायले बी बरं वाटन."

मी हो म्हटलं. नाही म्हणण्यासाठी काही आशा लागते, ती माझ्यापाशी उरली नव्हती.

काल पौर्णिमा झाली. बाबांना मी सगळ्यांत पुढे, भिंतीला टेकून बसवलं. विहारात बाया गच्च बसल्या होत्या, काहींच्या पिंढऱ्यांवर चिखलाचे वाळलेले पट्टे होते. मी ग्रंथ उघडला आणि पहिलं वाक्य वाचलं. थांबले. "मंजे पाहा, बाई हो," माझ्या तोंडून आपसूक निघालं, आणि कोणीतरी मागून "हो जी" म्हटलं. मग मी वाचत गेले. थांबत, सांगत, वाट पाहत. मी थांबले की बाबा हात जोडायला जात, तेव्हा शेवंताबाई त्यांचा हात हलकेच खाली धरत होती. चांगलं वाचून होत होतं, हे मला माझंच कळत होतं. वर्षभराचा सराव होता. हत्ती जवळच्या जंगलात असल्याचा निरोप मोबाइलवर आला म्हणून देवाजीभाऊंनी लवकर आवरायला सांगितलं, तेव्हा बाया नाराज झाल्या. साधु म्हणून उठताना दोघीतिघी म्हणाल्या, "हुबेहूब भाऊ, वं माय. डोरे मिटले तं भाऊच वाचून राह्यले असं वाटे."

आम्ही सगळे घोळक्यानं परत निघालो. घराच्या वळणावर बाकीचे पुढे गेले, बाबा आणि मी मागे राहिलो. बाबा खुशीत होते. मी त्यांचा हात धरला होता, तो त्यांनी सोडवून घेतला आणि बंडी नीट केली. कितीतरी दिवसांनी त्यांनी मला नावानं हाक मारली.

"मंदा."

"हो, बाबा."

"आज बरा वाचलो ना मी?"

ते थांबले, माझ्याकडे वळले, आणि खरंच वाईट वाटल्यासारखं म्हणाले, "सप्पा गाव आलतं. तू काऊन नाई आली वं ऐकाले?"

"उद्या येईन, बाबा," मी म्हटलं.